सायकलीचे अर्थशास्त्र

वसंत व्याख्यानमाला म्हटली की धरणे, साखर कारखाने, सहकार, शिक्षण अशा भारदस्त विषयांची अपेक्षा श्रोते मनात धरून येतात. त्या मानाने आम्ही निवडलेला विषय अगदीच किरकोळ आहे, असे कित्येकांना वाटण्याचा संभव आहे. सायकल ही काय व्याख्यान देण्याजोगी वस्तू आहे? ती अंगणात किंवा जिन्याखाली उभी असते, मुले तिच्यावर शाळेत जातात, आणि घरात मोटरसायकल आली की ती माळ्यावर जाते. परंतु अर्थशास्त्राचा अभ्यास करावयाचा तर वस्तूची किंमत पाहून भागत नाही. ती वस्तू कोणाच्या हातात गेली आणि तिने त्याच्या दिवसाचे काय केले, हे पाहावे लागते. या दृष्टीने पाहिले म्हणजे ज्या माणसाजवळ पायांखेरीज दुसरे वाहन नाही, त्याच्या मिळकतीत सायकलीइतकी थोड्या खर्चात भर घालणारी साधने फार थोडी आहेत, असे आढळून येते. मात्र सायकल एकटी हे काम करू शकत नाही. तिला सोबत लागते. आणि ही सोबत नसेल तर फुकट मिळालेली सायकलही गंजून पडते. ही सोबत कोणती, हे सांगणे हाच आजच्या विवेचनाचा मुख्य हेतू आहे.

पायांचा हिशेब

प्रथम चालण्याचा हिशेब करू. धडधाकट माणूस तासाला सुमारे ५ किलोमीटर चालतो. डोक्यावर वीस-पंचवीस किलोंचे ओझे असेल तर याहून कमी. तोच माणूस साध्या सायकलीवर मोकळा असताना तासाला १५ किलोमीटर आणि मागे कॅरिअरला माल बांधलेला असताना १० किलोमीटर सहज जातो; आणि माल तर डोक्यावरच्या दुप्पट-तिप्पट नेतो. याचे कारण शास्त्रीय आहे. चालताना आपण प्रत्येक पावलाला सारे शरीर थोडे वर उचलतो आणि पुन्हा खाली सोडतो. त्यात शक्ती वाया जाते. सायकलीवर शरीराचा भार सीट पेलते, मांडीचे मोठे स्नायू एका लयीत फिरतात, आणि छर्ऱ्यांवर फिरणारे चाक जमिनीशी फारसे भांडत नाही. ऑक्सफर्डचे एस. एस. विल्सन यांनी १९७३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात एक प्रसिद्ध लेख लिहून असे दाखविले की, ठराविक वजन ठराविक अंतर नेण्यासाठी लागणारी शक्ती मोजली तर सायकलवर बसलेला माणूस साऱ्या प्राण्यांना आणि यंत्रांना मागे टाकतो. ही शक्ती पेट्रोलमधून येत नाही, भाकरीतून येते, ही गोष्ट गरीब माणसाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

आता हा वेग पैशात कसा उतरतो ते पाहू. समजा, एक मजूर आपल्या खेड्यापासून ८ किलोमीटर दूर असलेल्या कारखान्यात कामाला जातो. पायी गेल्यास त्याला एका खेपेला १ तास ३६ मिनिटे लागतील. सायकलीवर, तासाला १२ किलोमीटरच्या बेताच्या वेगाने, ४० मिनिटे लागतील. जाऊन-येऊन दिवसाला जवळजवळ दोन तास वाचतात. वर्षातून ३०० दिवस काम धरले तर ही बचत ५६० तासांची, म्हणजे आठ तासांचा एक दिवस धरून ७० दिवसांची झाली. सायकलीने त्या माणसाच्या वर्षात सत्तर दिवस नव्याने घातले, असे म्हणावयास हरकत नाही. ते दिवस तो शेतात घालतो, म्हशीच्या वैरणीला घालतो की झोपेला घालतो, हा पुढचा प्रश्न. पण ते त्याच्या मालकीचे झाले.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती थोड्या भूमितीने समजते. माणसाच्या घराला मध्यबिंदू धरून एका तासात त्याला जेथवर जाता येते तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा. पायी जाणाऱ्याची त्रिज्या ५ किलोमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस किलोमीटर. सायकलवाल्याची त्रिज्या १५ किलोमीटर; क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस किलोमीटर. वेग तिप्पट झाला, पण मुलूख नऊपट झाला. त्या नऊपट मुलखात किती गावे, किती आठवडी बाजार, किती शाळा, किती दवाखाने आणि किती मालक येतात याचा विचार करावा. गावातला एकच व्यापारी सांगेल त्या भावाला माल देणे आणि एकच बागायतदार देईल त्या मजुरीवर राबणे, हे पायी चालणाऱ्याच्या नशिबी येते, कारण त्याचे वर्तुळ लहान असते. वर्तुळ वाढले की त्याला नाही म्हणता येते. आमच्या मते सायकलीचे खरे आर्थिक मोल येथे आहे.

श्रीमंतांच्या खेळण्यापासून कामकऱ्यांच्या वाहनापर्यंत

सायकल जन्मली ती मात्र गरिबासाठी नव्हे. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल द्रायस याने दोन चाकांची लाकडी गाडी काढली. तिला पायडल नव्हते, पायांनी जमीन मागे सारीत पुढे जावयाचे. पुढे पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले, मग प्रचंड उंच चाकाच्या धोकादायक सायकली आल्या. १८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने ‘रोव्हर’ सायकल तयार केली. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळीने दिलेली गती, हा तिचा सांगाडा आजतागायत टिकून आहे. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने हवेच्या टायरचा एकाधिकार मिळविला आणि हाडे खिळखिळी करणारे हे वाहन बसण्याजोगे झाले.

योगायोग असा की याच १८८८ साली आपल्या शेजारच्या बेळगावात सायकलीचा एक लहानसा धंदा सुरू झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर त्या वेळी तरुण होते. त्यांनी मुंबईत सायकल पाहिली, आणि मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला बंधू रामूअण्णा यांच्याकडे पाठविण्यास आरंभ केला. रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकाला बसावयास शिकवीत. तेव्हाच्या सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये होती असे सांगतात. त्या काळच्या रुपयाचे मोल ध्यानी घेतले म्हणजे हे वाहन सरकारी अंमलदार आणि सधन मंडळी यांच्यापुरतेच होते, हे उघड आहे. म्हणजे सायकलीने बेळगावच्या गोरगरिबांचे त्या वेळी काही भले केले, असे म्हणता येत नाही. पण त्या दुकानाने दुसरे एक काम केले. सायकल विकावयाची म्हणजे ती दुरुस्त करता आली पाहिजे. दुरुस्ती म्हणजे हत्यारे आली, लोखंडाची ओळख झाली, सुट्या भागांचे माप कळले. या दुकानाचा पुढे कारखाना झाला. त्यातून वैरण कापण्याची यंत्रे निघाली, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बाजारात आला, आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरविणे सोपे नव्हते. तो नांगर गावोगाव हिंडून विकणाऱ्यांत पुढे ‘रयत शिक्षण संस्था’ काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील हेही होते.

ही हकीकत विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, सायकलीच्या दुकानाला आपण दुकान समजतो. वास्तविक ती यंत्रविद्येची पहिली शाळा असते. चाकाचा आउट काढणे, छर्रे बदलून ग्रीस भरणे, फ्रीव्हील खोलून पुन्हा जुळविणे, तुटलेल्या सांध्याला वेल्डिंग मारणे, ही कामे ज्या पोराने दोन वर्षे केली, त्याला इंजिनाची भीती वाटत नाही. कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर तेलाची इंजिने आणि ओतकाम यांमुळे नावारूपास आले, ते कोणी पदवीधरांच्या पलटणीने नव्हे, हाताने शिकलेल्या मिस्त्रींनी. यंत्र उघडून पाहण्याची सवय ज्या गावात असते, तेथेच कारखानदारी रुजते. आणि उघडून पाहता येईल असे सर्वांत स्वस्त यंत्र म्हणजे सायकल.

सायकल खऱ्या अर्थाने सामान्यांच्या आवाक्यात आली ती देशात कारखाने निघाल्यावर. मद्रासजवळ टी. आय. सायकल्स १९४९ साली, सोनीपतला ॲटलस १९५१ साली, लुधियान्यात मुंजाळ बंधूंची हीरो सायकल्स १९५६ साली, याप्रमाणे उद्योग उभे राहिले. लुधियान्यात सुटे भाग करणाऱ्या लहानलहान कारखान्यांचे जाळेच विणले गेले. चीनच्या खालोखाल जगात सर्वांत जास्त सायकली करणारा देश म्हणून आज भारताचे नाव घेतले जाते. विलायती सायकल मिरविण्याची वस्तू होती. देशी काळी सायकल ओझे वाहण्याची वस्तू झाली.

करवीरनगरीचा अनुभव

कोल्हापूरकरांना हे निराळे पटवून देण्याची गरज नाही. हे शहर भोवतालच्या खेड्यांच्या जिवावर जगते आणि खेडी शहराच्या. शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसविली आणि गुळाचा व्यापार एका ठिकाणी आणला. १९०६ साली कापडगिरणीचा पाया घातला. शाहू मिलच्या भोंग्यावर जेव्हा शहराचे घड्याळ लागत असे, त्या काळात भोंग्याआधी रस्त्यांवर सायकलींची रीघ लागे. वडणगे, निगवे, वाशी, पाचगाव, उचगाव या बाजूंनी येणारा माणूस सकाळी भाजी किंवा दूध घेऊन शहरात शिरे आणि परतताना कॅरिअरला पेंडीचे पोते किंवा उसाच्या वाढ्यांचा भारा बांधून घराकडे वळे. एकही खेप रिकामी जाऊ न देणे हा वाहतुकीच्या धंद्यातला पहिला धडा. तो या मंडळींना कोणी शिकविलेला नव्हता.

दुधाचा विचार करू. कोल्हापूरचा माणूस दुधाच्या बाबतीत चोखंदळ. गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस डोळ्यांसमोर पिळून दिलेले धारोष्ण दूध पिण्याची येथली रीत सर्वश्रुत आहे. पण घरोघरचा रतीब घालावयाचा तो सायकलीनेच. हँडलला दोन आणि मागे दोन अशा किटल्या अडकविलेला गवळी पाहिला म्हणजे ध्यानात येते की दुधाच्या धंद्यात वेळ म्हणजेच भांडवल. उन्हे चढण्यापूर्वी दूध गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचले तर पैसा, नाही तर नासाडी. पायी चालणाऱ्या गवळ्याला दोन आळ्यांच्या पलीकडे रतीब धरता येत नाही. सायकलवाला पाच-सहा धरतो, आणि तेवढ्याच प्रमाणात गोठ्यातली एखादी म्हैस वाढवितो.

१६ मार्च १९६३ रोजी कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच आपला ‘गोकुळ’, स्थापन झाला आणि या चित्रात मोठा पालट झाला. गावोगाव दूध संस्था निघाल्या. लांबचा पल्ला संघाच्या टँकरने गाठावयाचा ठरला. मग सायकलीचे काम संपले काय? मुळीच नाही. वस्तीवरून गावातल्या संस्थेपर्यंतचा जो कोस-अर्ध्या कोसाचा तुकडा राहिला, तो सायकलीने उचलला. येथे एक सिद्धान्त हाती लागतो. मोठी वाहतूक आली म्हणून छोटी निकामी होत नाही. मोठी वाहतूक जेथे थांबते, तेथून उंबरठ्यापर्यंत कोण नेणार, या प्रश्नाचे उत्तर नेहमी लहान वाहनालाच द्यावे लागते. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली डबेवाल्यांची व्यवस्था याच तत्त्वावर चालत आलेली आहे. लांबचा प्रवास आगगाडीने, आणि स्टेशनापासून कचेरीपर्यंत हातगाडी वा सायकल.

इचलकरंजीचेही असेच. तेथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे माग हजारोंनी वाढले. माग पाळ्यांवर चालतो. रात्रीची पाळी ज्या वेळी सुटते त्या वेळी एस. टी. नसते, आणि मागवाल्याच्या गावाला थांबाही नसतो. सायकल मात्र माणसाच्या वेळापत्रकाने चालते. यावाचून आठवडी बाजार करणारे कापडविके, मागच्या चाकाला पट्टा जोडून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे, कुल्फीवाले, पाववाले, वर्तमानपत्रे टाकणारी पोरे, पोस्टमन, अशी केवढी तरी मोठी यादी देता येईल. अर्थशास्त्री उपभोगाची वस्तू आणि भांडवली वस्तू असा भेद करतात. संध्याकाळी रंकाळ्यावर हवा खावयास जाणाऱ्याची सायकल उपभोगाची वस्तू. धारवाल्याची सायकल त्याचा कारखाना.

पैसा कोठून आणावयाचा?

येथवर ऐकून कोणी विचारील, सायकल इतकी फायद्याची, तर प्रत्येक गरिबाने ती कधीच का घेतली नाही? उत्तर सोपे आहे आणि कठोरही आहे. रोज मिळवून रोज खाणाऱ्यास वर्षभरात फायदा देणारी वस्तू आज विकत घेता येत नाही, कारण आजचे पैसे आजच्या चुलीसाठी असतात. त्याच्याजवळ अक्कल नसते असे नाही. एकरकमी पैसा नसतो.

या अडचणीवर समाजाने आपल्या परीने एक तोड काढली होती. ती म्हणजे तासावर भाड्याने मिळणारी सायकल. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सायकल मार्टमध्ये फळीवर चुन्याने आकडे घातलेल्या सायकली उभ्या असत आणि वहीत नाव, गाव व वेळ लिहून त्या मिळत. ओळख हेच तारण. आमच्या पिढीतील पुष्कळजण दांडीखालून पाय घालून हाफ पायडल शिकले ते याच सायकलींवर. परंतु पोरांच्या हौसेपलीकडे, ज्याला एकदाच तालुक्याला जाऊन दाखला आणावयाचा आहे किंवा पावणेरावळे गाठावयाचे आहेत, त्याला ही सोय मोठी होती. अलीकडे शहरांतून मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आणण्याचे प्रयोग झाले. त्यांत नवे आहे ते कुलूप. कल्पना आपल्या गल्लीतली आहे.

दुसरी तोड हप्त्यांची. केंद्र सरकार पूर्वी आपल्या कनिष्ठ नोकरांना सायकल घेण्यासाठी आगाऊ रक्कम देई व ती पगारातून हप्त्यांनी कापून घेई. सातव्या वेतन आयोगानंतर ती सवलत बंद झाली. कारखान्यांतील कामगारांच्या पतपेढ्यांनीही अशी कर्जे दिली. यातली मेख अशी की, हप्ता पगारातून कापावयाचा तर पगार असला पाहिजे. शिपायाला सायकल मिळाली, पण शेतमजुरणीला, धुणेभांडी करणारीला, गवंड्याच्या हाताखालच्या बिगाऱ्याला ती मिळाली नाही. आणि पायांवर सर्वांत जास्त अवलंबून असतात ते हेच लोक. ज्याला साधनाची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच वाट्याला ते सर्वांत उशिरा येते, ही आपल्या अर्थव्यवस्थेतली जुनी खोड सायकलीच्या बाबतीतही दिसून येते.

घरातली सायकल कोणाची?

सायकल घरात आली तरी प्रश्न सुटत नाही. घरात एकच सायकल असेल तर ती कर्त्या पुरुषाची होते. पाणी, सरपण, वैरण, दळण आणि आजारी मूल, हे सारे वाहणारी बाई पायीच राहते. सायकलीचे वर्तुळ नऊपट होते खरे, परंतु ते घरातल्या अर्ध्या माणसांचे.

हा प्रश्न एका संपूर्ण जिल्ह्याने हातात घेतला तेव्हा काय घडले, ते पाहण्यासारखे आहे. तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरतेची मोठी मोहीम निघाली. तेथल्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी साक्षरतेच्या वर्गांबरोबरच बायकांना सायकल शिकविण्याचा कार्यक्रम जोडून दिला. एक लाखाच्या वर बायका सायकल शिकल्या, असे तेथे जाऊन लिहिणारे पत्रकार पी. साईनाथ यांनी नमूद केलेले आहे. शेतमजुरणी, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या सेविका, शिक्षिका अशा सर्व थरांतील त्या होत्या. बायकांच्या सायकली पुरेनात, तेव्हा त्या पुरुषांच्या सायकलींवर बसू लागल्या. काहींनी तर तीच पसंत केली, कारण पुढच्या दांडीवर मूल बसविता येते. नवऱ्याची किंवा एस. टी.ची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचला. माल घेऊन एकाऐवजी अधिक गावे करता येऊ लागली. पहिल्याने त्यांना कुचेष्टाही ऐकावी लागली. पण शंभर बायका मिळून रस्त्यावर आल्या म्हणजे कुचेष्टा करणाराच एकटा पडतो.

बिहारचे उदाहरण याहून मोजून पाहिलेले आहे. तेथील सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलीसाठी २,००० रुपये देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडाशी तुलना करून तिचे परिणाम तपासले. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. विशेष ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, हा फायदा मुख्यतः माध्यमिक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत दिसला. म्हणजे मुलींना शिकण्याची इच्छा नव्हती किंवा आईबाप अडाणी होते, हे कारण अपुरे ठरते. शाळा दूर होती, वाट एकाकी होती. चाक मिळाले आणि मुलींच्या घोळक्याने जाता आले, तेव्हा वाट जवळ झाली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील गरजू मुलींना सायकली देण्यात आल्या आहेत.

आफ्रिकेतील झांबिया या देशात ‘वर्ल्ड बायसिकल रिलीफ’ या संस्थेने असेच काम केले. ही संस्था २००४ च्या अखेरीस आलेल्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत सायकली वाटण्याच्या निमित्ताने २००५ साली निघाली. खडबडीत रस्त्यांसाठी तिने जी दणकट, मोठ्या कॅरिअरची सायकल तयार केली तिचे नाव ‘बफेलो’, म्हणजे रेडा किंवा म्हैस! कोल्हापूरकरांना हे नाव ऐकून आनंद वाटावा. त्या संस्थेचा अनुभव असा की सायकल देऊन थांबता येत नाही; गावातच दुरुस्ती करणारे तयार करावे लागतात आणि सुटे भाग मिळण्याची व्यवस्था करावी लागते. बेळगावच्या त्या जुन्या दुकानाने शिकविलेला धडाच येथे पुन्हा भेटतो.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

सायकलीचा काळ सरला, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. जगभर ३ जून हा सायकल दिन म्हणून पाळण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये केला, आणि २०२० साली नेमक्या त्याच दिवशी ॲटलसच्या साहिबाबाद येथील कारखान्याचे काम थांबले. गावोगाव मोटरसायकली दिसतात. मोटरसायकल घेऊ नये असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ज्याला परवडते त्याचे वर्तुळ आणखी मोठे होते. पण मोटरसायकल रोज पेट्रोल मागते, दरमहा हप्ता मागते, आणि ती घेतल्यावर घरातले बाकीचे पुन्हा पायीच असतात. २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याची नोंद झाली. म्हणजे सायकल आली-गेली असे मानण्याच्या काळातही निम्म्याहून अधिक कुटुंबांकडे ती नव्हती. त्या सगळ्यांकडे मोटरसायकल होती असे थोडेच आहे! २०२० च्या टाळेबंदीत एस. टी. आणि आगगाड्या बंद झाल्या तेव्हा शेकडो कोस दूरच्या गावी जाण्यासाठी मजुरांनी सायकलीच गाठल्या, हे सर्वांनी पाहिलेले आहे.

दुसरा आक्षेप भूगोलाचा. पन्हाळ्याचा चढ, राधानगरी-गगनबावड्याकडचा पाऊस, काळ्या रानातला चिखल, येथे सायकल काय करणार? हा आक्षेप रास्त आहे. सायकल सर्वत्र सारखी उपयोगी नाही. पंचगंगेच्या खोऱ्यातील सपाट गावांना जे साधेल ते घाटमाथ्याच्या वाड्यांना साधणार नाही. तेथे बारमाही रस्ता आणि वेळेवर येणारी एस. टी. यांचीच मागणी आधी केली पाहिजे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सायकल रिक्षा हलकी करण्याचे आणि तिला विजेच्या मोटरीची जोड देण्याचे प्रयोग केले. चढाच्या मुलखासाठी अशी जोड उपयोगी पडू शकेल.

तिसरा आक्षेप रस्त्याचा, आणि आम्हाला तो सर्वांत गंभीर वाटतो. महामार्ग रुंद झाले, वाहने वेगवान झाली, आणि सायकलवाला कडेच्या खडीवर ढकलला गेला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील औद्योगिक वसाहती महामार्गाच्या अंगाला आहेत. तेथे सायकलीने जाणाऱ्याला ट्रकच्या शेजारून जावे लागते. जिवाच्या भीतीने माणूस सायकल सोडतो आणि आपण म्हणतो, लोकांना आता सायकल नको झाली! एके काळी अनेक नगरपालिका सायकलीवर कर बसवून पितळी बिल्ला देत, आणि रात्री दिव्यावाचून फिरणाऱ्याला पोलीस हटकीत असे. सायकलवाल्याकडून घेण्याचे मार्ग आपल्याला पुष्कळ ठाऊक होते. त्याला रस्त्यात हक्काची चार फूट जागा देण्याचे मात्र राहून गेले.

करावयाचे काय?

आता समारोप करू. सायकलीला लागणारी सोबत कोणती, या प्रश्नाने आपण आरंभ केला होता. पहिली सोबत सुलभ हप्त्यांची, आणि तीही पगाराची चिठ्ठी नसलेल्यांसाठी. ज्या जिल्ह्यात गावोगाव सेवा सोसायट्या, दूध संस्था आणि महिला बचत गट आहेत, तेथे ही गोष्ट अशक्य नाही. दुधाच्या दर दहा दिवसांच्या बिलातून किंवा गटाच्या मासिक बचतीतून सायकलीचा हप्ता वळता करता येईल. दुसरी सोबत दुरुस्तीची. प्रत्येक मोठ्या गावात एक तरी कसबी माणूस आणि त्याच्यापाशी सुटे भाग असले पाहिजेत. माध्यमिक शाळांनी कार्यानुभवाच्या तासाला पंक्चर काढणे आणि ब्रेक लावणे शिकविले तर मुलामुलींच्या हाताला वळण लागेल. तिसरी सोबत रस्त्याची. नवा रस्ता होताना आणि जुना रुंद होताना कडेला सायकलीची वाट आखून घेण्याचा आग्रह ग्रामपंचायतीने आणि महापालिकेने धरला पाहिजे. चौथी सोबत मनाची. सुनेने किंवा मुलीने सायकलीवरून कामाला जाणे यात वावगे काही नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी उघडपणे म्हटले पाहिजे.

यातली शेवटची गोष्ट करावयास सरकारी ठराव लागत नाही आणि पैसाही लागत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जिन्याखाली किंवा माळ्यावर एखादी सायकल धूळ खात पडलेली असेल. तिला तेल घालावे, ट्यूब बदलून घ्यावी, आणि आपल्या घरी कामाला पायी येणाऱ्या बाईंना किंवा शेजारच्या वाडीवरून शाळेला चालत जाणाऱ्या मुलीला ती हवी आहे काय, एवढे विचारावे. बसता येत नसेल तर शिकवावयास दोन संध्याकाळ पुरतात.